माळवद, स्लॅब आणि मधली जागा : आर्किटेक्चरला नव्याने आलेल्यांसाठी

नवीन बॅच आली की ज्युनिअर मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. लॅपटॉप कोणता घ्यायचा, सॉफ्टवेअरमध्ये स्केचअप आधी शिकायचं की रेव्हिट, आणि तिसरा, जरा दबकत विचारलेला: कॉन्सेप्ट, म्हणजे डिझाइनची मूळ कल्पना, कसा सुचतो? पहिल्या दोन्हींची उत्तरं कुणीही देईल. (पहिलं वर्ष हातानंच काढा, लॅपटॉपची घाई नको.) हा लेख तिसऱ्यासाठी.

पहिल्या वर्षाच्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडतात तेव्हा, भिंतीवर लावलेली ड्रॉइंगची शीट वाचत गेलात तर निसर्ग, समाज आणि ओळख हे तीन शब्द जागोजागी भेटतील. शेजारी एखादं पान काढलेलं, त्यातून बाण निघालेला आणि बाणाच्या टोकाला गोल इमारत. दुपारपर्यंत परीक्षकांचा जीव कंटाळून जातो. शब्दांचा दोष नाही. माझी पाच वर्षंही याच तीन शब्दांच्या मागे गेली. फक्त या शब्दांना गाव, गल्ली आणि घर नंबर लागतो. माझ्याकडे तो आयता होता, म्हणून माझंच उदाहरण सांगते.

आमचं गाव लातूर आणि धाराशिवच्या सीमेवरचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन होऊन लोक नुकतेच झोपलेले असताना किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता 6.2 च्या आसपास. जगाच्या हिशेबात हा काही प्रचंड मोठा भूकंप नव्हे, तरी आठ-दहा हजार माणसं गेली. कारण घरांच्या बांधणीत होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्याही आतून-बाहेरून दोन वेगळे थर रचून मध्ये भर घातलेल्या. आरपार जाऊन दोन्ही थर बांधून ठेवणारा लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, आणि गळती लागली की दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी मातीची पाटी. भिंत हादरली, थर सुटे झाले आणि वरचा सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला.

पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या 52 गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. जमीनधारणेप्रमाणे 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रेषेतले रुंद रस्ते, रांगेत घरं, डोक्यावर स्लॅब. मी त्यातल्याच एका घरात जन्मले. जुनं गाव मी पाहिलं ते जोत्यांच्या ओळी आणि बाभळी या रूपात.

पुण्यात शिकायला आल्यावर मराठवाड्याची मुलगी म्हटल्याबरोबर सल्ले सुरू झाले. व्हर्नाक्युलर, म्हणजे गावाकडच्या पारंपरिक पद्धतीचं कर, दगड वापर, माती वापर, वाड्याचा चौक आण. सल्ला प्रेमाचा होता आणि कागदावर सुंदर दिसणाराही. सुट्टीत घरी आज्जीला स्केच दाखवलं. दगडी भिंत, कोनाडा, वर माळवद. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्येच्याखाली निजणार कोण?"

ओळख हा विषय घेणाऱ्या प्रत्येकानं असा प्रश्न विचारणारं एक माणूस शोधून ठेवावं. आपण ज्या रूपाला ओळख म्हणून कवटाळतो, ते त्या माणसांना हवं आहेच असं नसतं. आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांचं उदाहरण बहुतेक कॉलेजांत शिकवतात, पण त्यातला हा भाग घाईत उरकतात. बर्लिनमध्ये विद्यार्थी असतानाच त्यांनी बुर्किना फासोमधल्या आपल्या गांदो गावासाठी शाळा उभी केली, 2001 मध्ये. पुढे 2022 ला त्यांना प्रिट्झकर, हा आर्किटेक्चरमधला सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळाला. शाळा मातीच्या ब्लॉकची म्हटल्यावर गावकरी आधी नाराजच होते. माती पावसात टिकत नाही हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. केरेंनी मातीत सिमेंट मिसळून दाबलेले ब्लॉक केले, पत्र्याचं छप्पर भिंतींपासून उचलून धरलं, ते बाहेर लांब काढलं, आणि बांधायला गावालाच घेतलं. म्हणजे गावाच्या शंकेला उत्तर तपशिलात दिलं. मातीच्या गौरवाचं भाषण देऊन काम झालं नसतं.

मग मी काय केलं? टेप घेतला आणि आमचीच गल्ली मोजली. पूर्ण लेखात एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

सरकारी नकाशात आमच्या रांगेतली सगळी घरं एकसारखी आहेत. प्रत्यक्षात तीस वर्षांत एकही तसं राहिलेलं नाही. कुणी दारापुढं ओटा ओढला, कुणी पत्र्याची पडवी काढली, कुणी तुराट्यांचा कूड घालून चूल बाहेर नेली. गॅस आत, भाकरी बाहेर. आमच्या शेजारच्या काकूंनी रस्त्याकडच्या बाजूला शहाबादी फरशी टाकून बसायची जागा केली होती. जमिनीपासून 40 सेंटिमीटर उंच, पुढून मागं 75, वर पत्रा. मी टेप लावत असताना त्यांनी विचारलं, "आगं, ही कशाला मोजायलीस? ही काय घरात धरत न्हाईत." मी विचारलं, दिवसभरात तुम्ही बसता कुठं? त्या हसल्या आणि डाळ निवडत त्याच फरशीवर बसून राहिल्या. तेवढ्यात पलीकडच्या दोघी येऊन टेकल्या. जुन्या वाड्याच्या ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत, पुरुष बसायचे. इथं त्याच मापाच्या, त्याच सावलीच्या जागेत बायका बसत होत्या. घर बदललं, बसणारे बदलले, जागेची गरज तशीच राहिली. माझ्या थीसिसचं, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचं, बीज या फरशीत आहे, पानाफुलाच्या स्केचमध्ये नाही.

मोजताना नुसत्या भिंती मोजू नका. सकाळी नऊला सावली कुठवर येते आणि दुपारी चारला कुठं सरकते ते खडूनं आखा. बाज कुठं टाकतात, रांजण कुठं, म्हैस कुठं, मोटारसायकल कुठं लावतात, पाहुणा कुठवर आत येतो, हे सगळं प्लॅनमध्ये काढा. फोटो काढण्याआधी विचारा. चेहरे शीटवर लावणार असाल तर पुन्हा एकदा विचारा. आणि लेव्हल घ्यायला विसरू नका. ओट्याची उंची दहा सेंटिमीटरनं चुकली तर म्हाताऱ्या माणसाला तिथं बसता-उठता येत नाही, आणि ज्युरीत कुणाच्या ते लक्षातही येणार नाही.

केस स्टडीबद्दलही, म्हणजे आधी बांधलेल्या कामाच्या अभ्यासाबद्दलही, थोडं. इंटरनेटवरचे फोटो चिकटवून केस स्टडी होत नाही. मुंबईत शिकत असाल तर बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज लोकलच्या तिकिटात बघून होतं. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी 1980 च्या दशकात केलेली वसाहत. साधारण आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं, असे तीन गट मिळून त्याहून मोठं अंगण. मुख्य म्हणजे शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. लोकांनी ते इतकं वाढवलंय की मूळ घर शोधावं लागतं. काही मुलं ते बघून हळहळतात. मला तरी तो त्या डिझाइनचा विजय वाटतो. इंदूरचं अरण्यही असंच. बाळकृष्ण दोशी यांनी गरीब कुटुंबांना जोतं आणि संडास-न्हाणीचा गाभा दिला, पुढचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. 1995 मध्ये त्याला आर्किटेक्चरचा आगाखान पुरस्कार मिळाला. या दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न घेऊन जा: आर्किटेक्ट कुठं थांबला?

आता निसर्ग. आमच्याकडं निसर्ग म्हणजे हिरवळ नव्हे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, आणि 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तिथं कुणी शीटवर कारंजं काढलं तर मला हसू येतं. त्याऐवजी साधा गुणाकार करा. 100 चौरस मीटर छपरावर वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस पडला तर 70 हजार लिटर पाणी होतं. गळती, बाष्पीभवन धरून त्यातलं 80 टक्के हाती लागलं तरी 56 हजार लिटर. हा आकडा आला की टाकीचं माप ठरतं, टाकीवरून तिची जागा ठरते, छपराचा ढाळ कुणीकडं ते ठरतं, आणि कॉन्सेप्ट नावाची वस्तू आपोआप सेक्शनमध्ये, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदात, दिसायला लागते.

जमिनीचंही तेच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. गावातल्या कुठल्याही गवंड्याला विचारा, तो हातानं खोली दाखवेल. आणि स्लॅबचं म्हणाल, तर मातीचं जाड माळवद दिवसाची उष्णता आत यायला उशीर लावायचं, पातळ स्लॅब संध्याकाळपासून खाली ओकायला लागतो. म्हणून लोक बाजा घेऊन गच्चीवर जातात. आज्जीला माळवद नको आणि स्लॅबखाली झोप लागत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या धरून डिझाइन करायचं होतं.

थीसिसला मी नवीन इमारत घेतलीच नाही. पुनर्वसित गावात चार घरांच्या परसांच्या मध्ये जी रिकामी, कुणाचीच नसलेली पट्टी उरते, ती विषय म्हणून घेतली. तिथं सामाईक टाकी, सावलीची बैठक, डाळ वाळवायचा ओटा, आणि एक खोली जी लग्नकार्यात कोठीघर, एरवी बचत गटाची जागा. दगड वापरला, पण कमरेच्या वर जाऊ दिला नाही. जोतं, ओटे, पायऱ्या दगडाच्या. वर विटांची भिंत, जोत्याला, दाराच्या डोक्यावर आणि छपराखाली असे काँक्रीटचे तीन पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळ्या. छप्पर हलकं, आणि जुन्या स्लॅबवर फूटभर उंचीवर सावलीचा दुसरा थर, म्हणजे मधून वारा फिरेल. कमी ताकदीची विटा-दगडांची बांधकामं भूकंपात टिकावीत यासाठीचं आयएस 13828 हे भारतीय मानक 1993 सालचंच आहे. ते वाचायला एक दुपार पुरते. बॅचमधल्या फार कमी जणांनी उघडलं होतं. भूकंप हा विषय स्ट्रक्चरच्या पेपरापुरता ठेवू नका.

ड्रॉइंग गावात न्या. प्लॅन बहुतेकांना वाचता येत नाही, त्यात त्यांचा काही कमीपणा नाही. मॉडेल मात्र सगळे वाचतात. मी सनबोर्डचं, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्याचं, 1:50 मॉडेल एसटीतून मांडीवर घेऊन गेले, छप्पर उचलता येईल असं, भिंती नुसत्या टाचण्यांवर उभ्या. डाळवाल्या काकूंनी जरा वेळ निरखलं, टाचणी उपसली आणि खोलीची एक भिंत बोटभर मागं सरकवली. म्हणाल्या, हितनं डोक्यावर घागर घेऊन वळता येत न्हाई. त्यांचं बरोबर होतं. ज्युरीत ती टाचणीची भोकं तशीच ठेवून मॉडेल मांडलं. परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्याच भोकांवर विचारलं.

शीटवर "मी" किती असावा, हेही विचारतात. माझं मत, कमी. आठवणींचा परिच्छेद, आज्जीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, कवितेच्या दोन ओळी, याला परीक्षक मान डोलावतात आणि पुढं ढाळ विचारतात. जे वैयक्तिक आहे ते मापात उतरू द्या. 40 सेंटिमीटरचा ओटा मी का धरला याचं उत्तर माझ्याकडं होतं, आणि ते गल्लीतून आलेलं होतं. शहरातल्या मुलांनी आपल्याकडं असं गाव नाही म्हणून खंत करू नये. चाळीची गॅलरी, सोसायटीचा जिना, मावशीच्या घराबाहेर चपला काढायची जागा, हे सगळं मोजण्याजोगंच आहे. आणि दुसऱ्याचं दुःख विषय म्हणून उचलणार असाल, तर तिथं शीट लावून झाल्यावरही जाणं-येणं राहील का, हे आधी ठरवा.

बाकी गोष्टी पटकन. बारावीला गणित लागतंच, प्रवेशासाठी नाटा ही परीक्षा किंवा जेईईचा दुसरा पेपर द्यावा लागतो, कोर्स पाच वर्षांचा, आणि पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. मॉडेलचा खर्च वाढतो, तेव्हा सीनिअरकडून उरलेला सनबोर्ड मागायला लाजू नका. नाइट-आउटचा, म्हणजे रात्रभर जागून काम केल्याचा, अभिमान बाळगू नका. झोपेत कापलेलं बोट सबमिशन थांबवत नाही, फक्त शीटवर डाग पाडतं.

प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी ऑफिसं शोधताना माझ्या पोर्टफोलिओत रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली चकचकीत चित्रं, थोडे आणि मोजलेली ड्रॉइंग जास्त होती. मैत्रिणी म्हणाल्या, असं कोण घेईल. जिथं मुलाखत झाली तिथल्या बाईंनी चमकदार पानं भराभर उलटली, गल्लीच्या सेक्शनवर थांबल्या, पेन्सिलीचं टोक त्या फरशीवर ठेवलं आणि विचारलं, "हिच्याखाली पाणी कुठं जातं?" मला सांगता आलं: फरशीला रस्त्याकडं बोटभर ढाळ आहे, पुढं उघडं गटार, आणि पावसाळ्यात काकू तिथं वीट आडवी लावतात. पुढच्या सोमवारपासून या म्हणाल्या.