कोकणात सापाची पेटी घरी बनवताय? या चुका टाळा

माझी पहिली पेटी मे महिन्यात तयार झाली आणि नारळी पौर्णिमेच्या आत निकामी झाली. साध्या प्लायच्या कडा फुगल्या, दार अडकू लागलं, मागच्या कोपऱ्यात हिरवट बुरशी धरली. आत बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान, बिनविषारी अजगर होता. त्याच्या पोटाखालचे खवले तपकिरी पडायला लागलेले दिसले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. पेटी बांधताना इंटरनेटवरची मापं मी अक्षरशः पाळली होती. पण ती मापं थंड, कोरड्या हवेतल्या घरांसाठी लिहिलेली असतात. तिथे लोक पेटी गरम आणि ओलसर कशी ठेवायची याची चिंता करतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते, की भांडण ओलाव्याशी असतं.

सामान आणण्याआधी कायद्याचं एक पाहून घ्या. धामण, दिवड, नाग, घोणस, आपल्या रानातला अजगर यांपैकी कुठलाही साप घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. पावसात परसात सापडलेलं पिल्लू कितीही गोड दिसलं तरी ते पेटीत जाऊ नये, वन विभागाला १९२६ वर कळवावं. बॉल पायथन परदेशी आहे आणि साईटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, त्यामुळे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर साप घेऊच नका.

आता पेटी. पैसे वाचवायचे तर खोक्यावर वाचवा, कुलूप आणि थर्मोस्टॅटवर (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्रावर) वाचवू नका.

खोक्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि चांगली वस्तू म्हणजे बंद पडलेल्या दुकानाचं काचेचं काउंटर. सरकत्या काचा, चॅनेल, कुलपाची सोय, सगळं आयतं मिळतं. भंगारवाल्याकडे सांगून ठेवलं तर पावसाआधी हाती लागतं. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला साधारण ४ फूट लांब, २ फूट खोल आणि २ फूट उंच जागा हवी. काउंटर त्यात बहुतेक वेळा बसतं. नवीन बांधायचंच असेल तर ओलावा सोसणारं मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या प्रत्येक कडेला सिलिकॉन भरा. पाणी कडेतूनच आत शिरतं, पृष्ठभागातून फारसं नाही. मी पृष्ठभागाला तीन हात पॉलिश मारलं होतं आणि कडा उघड्याच ठेवल्या होत्या. सिलिकॉन बाथरूमचं बुरशीरोधक नको, फिश टँकसाठी विकतात ते घ्या. पॉलिश असो की रंग, वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नका. पावसाळ्यात तो वास आठवडेच्या आठवडे जात नाही, म्हणून काम वैशाखातच उरका.

खाऱ्या वाऱ्यामुळे लोखंडी जाळी आणि बिजागऱ्या एका पावसात गंजतात. गंजलेल्या जाळीवर साप नाक घासत राहतो आणि नाकाचं कातडं सोलतं. जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची घ्या, तुकडा लहान लागला तरी चालेल.

हवेची भोकं फक्त झाकणावर पाडणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. तळाची ओली हवा हलत नाही. एका बाजूला खाली, समोरच्या बाजूला वर अशी भोकं पाडा म्हणजे हवा आडवी फिरते. पेटी म्हणून प्लास्टिकचा मोठा डबा वापरत असाल तर भोकं तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने पाडा, कडा गुळगुळीत राहतात. हे उघड्यावर करा, धूर वाईट असतो. भोक किती मोठं ठेवायचं ते सापाच्या डोक्यावरून ठरवा. डोकं मावलं की अंग मावतं.

आणि साप निसटला तर आपल्या गावात त्याचं काय होईल ते आधीच समजून घ्या. बॉल पायथनच्या अंगावरचे ठिपके लांबून घोणसासारखे दिसतात. शेजारच्या काकूंच्या न्हाणीघरात तो निघाला तर त्या काठीच घेणार, आणि घोणसाची दहशत ज्या गावाने पाहिली आहे त्या गावाला दोष देता येणार नाही. सरकत्या काचांना शोकेसचं कुलूप लावा आणि दोन काचा एकमेकींवर येतात तिथल्या फटीत पट्टी बसवा. नुसती वीट किंवा पुस्तकांचा ढीग झाकणावर ठेवू नका, साप ढकलतोच. मात्र फट बुजवायला आतून चिकटपट्टी कधीही लावू नका. ती सुटते, सापाला चिकटते आणि ओढताना खवल्यांसकट कातडी निघते.

उष्णतेबद्दल थोडं सविस्तर. पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश असं अंतर हवं, म्हणजे साप स्वतः जागा निवडतो. लाकडी पेटीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) ठेवली तर जाड प्लाय उष्णता आत जाऊ देत नाही आणि मॅट मात्र तापत राहते. लाकडी पेटीत छताला सिरॅमिक हीटर (उजेड न देता फक्त उष्णता देणारा, बल्बसारखा) लावा आणि त्याला जाळीचा पिंजरा करा, नाहीतर साप त्याला विळखा घालून भाजून घेतो. मॅट प्लास्टिकच्या डब्याला बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागालाच. काहीही लावा, थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. अंडी उबवण्याच्या यंत्राचा डिजिटल थर्मोस्टॅट काहीशे रुपयांत मिळतो आणि चांगलं काम करतो, फक्त जोडणी वायरमनकडून करून घ्या. त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर तो खोलीचं तापमान मोजतो आणि पेटीचा तळ तापतच राहतो. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही, म्हणून सेन्सर साप जिथे बसतो तिथेच घट्ट बसवा.

एप्रिल-मे महिन्यात तर हीटर बहुधा बंदच ठेवावा लागतो. पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला पेटी ठेवली तर दुपारी ३६ अंशांच्या वर जाते, आणि तेवढी उष्णता सापाच्या जिवावर बेतू शकते. कौलारू घराचं माजघर सगळ्यात चांगलं. पावसात रात्री वीज गेली तर घाबरू नका. आपल्या जुलैत खोली क्वचितच २४ अंशांच्या खाली जाते, निरोगी साप तेवढं सोसतो. मेणबत्ती किंवा निखारे मात्र पेटीजवळ नकोत.

आर्द्रता ५५ ते ७० टक्के पुरे. स्वस्त काटेवाल्या मीटरवर विश्वास ठेवायचा नसेल तर तो तपासता येतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने चिखलासारखं ओलसर करा, मीटरसकट घट्ट डब्यात दिवसभर ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. जितका फरक, तितका प्रत्येक वाचनात मिळवा किंवा वजा करा.

अंथरायला गिरणीतला भुसा नको. धूळ नाकात जाते आणि देवदार, चीड यांच्या तेलाने सापाला त्रास होतो. किनाऱ्यावरची वाळू खारी असते, तीही नको. सोडणाचा काथ्या चांगला, पण सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवलेली असतील तर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन उन्हात कडक वाळवा. पावसाळ्यात मी सरळ वर्तमानपत्र घालतो. दिसायला साधं, पण ओल लगेच कळते आणि दोन मिनिटांत बदलता येतं. लपायला पिल्लासाठी नारळाची करवंटी उत्तम, तोंड मोठं करून कडा घासा. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. एकच ठेवली तर साप लपण्यासाठी चुकीच्या तापमानात बसून राहतो.

मुंग्यांसाठी खडू, फवारा किंवा डांबरगोळ्या पेटीच्या जवळपास नकोत. त्या विषाने साप मरू शकतो. दुधाच्या कपाटासारखं पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतात.

साप सारखा पाण्याच्या भांड्यात बसून असेल तर आधी तापमान बघा, मग खवल्यांमध्ये बारीक काळे माइट (रक्त पिणारे किडे) आहेत का ते बघा. कात तुकड्या-तुकड्यांत निघाली तर हवा कोरडी पडली आहे, डिसेंबर-जानेवारीत असं होतं, पाण्याचं भांडं गरम बाजूला सरकवा. पोटाचे खवले तपकिरी किंवा मऊ लागले तर अंथरूण कोरडं करून पशुवैद्याला दाखवा. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल किंवा नाकाशी बुडबुडे दिसले तर त्याच दिवशी न्या. सरपटणारे प्राणी पाहणारा डॉक्टर बहुधा शहरात असतो, म्हणून त्याचा नंबर साप घरी येण्याआधीच लिहून ठेवा.