‘तीन’ आणि ‘तीन-तीन’: गुणाकार आणि वाचन एकाच तासाला

दुसरी-तिसरीतलं पोर ‘तीन चोक बारा’ घडाघडा म्हणतं. पण ‘चार मुलींना तीन-तीन बोरं दिली, बोरं किती लागली?’ असं लिहून दिलं की ‘सात’ म्हणून मोकळं होतं. पाढा पक्का असतो, वाक्य वाचायचं राहिलेलं असतं. मराठीत गुणाकाराची खूण पुष्कळदा अशा जोडशब्दातच दडलेली असते: तीन-तीन, पाच-पाच. नाहीतर ‘प्रत्येकी’, ‘एकेका’, ‘दर’ यात. ती खूण डोळ्याला दिसायला शिकवणं हे निम्मं काम आहे.

५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत समजून वाचणं आणि पायाभूत गणित ही दोन्ही उद्दिष्टं शेजारी-शेजारी आहेत. वेळापत्रकात मात्र मराठीचा तास वेगळा आणि गणिताचा वेगळा. आठवड्यातून तीनदा पंचवीस मिनिटं हे दोन्ही एकत्र घ्या. चाळीस चिंचोके, सहा वाट्या आणि पाटी एवढं सामान पुरतं. गट चार-पाच मुलांचा असावा. तीन वर्षांखालचं भावंड जवळ असेल तर चिंचोके त्याच्या हाती लागू देऊ नका, नाका-घशात अडकतात.

पहिल्या दिवशी उतारा नको, दोनच वाक्यं फळ्यावर लिहा:

चार मुलींना तीन बोरं दिली.
चार मुलींना तीन-तीन बोरं दिली.

चार वाट्या ओळीत मांडा. पहिलं वाक्य एका मुलाला वाचायला लावा आणि वाचलं तेवढंच करायला सांगा. तीन चिंचोके पडतात, एक वाटी रिकामी राहते. मुलं लगेच बोलतात, ‘एकीला मिळालंच नाही की!’ इथं घाई करू नका. आता दुसरं वाक्य वाचून वाट्या भरू द्या. मग विचारा: कोणत्या शब्दामुळं बदललं? मुलानं ‘तीन-तीन’वर बोट ठेवलं की त्याखाली रेघ ओढायला सांगा. ही रेघ पुढं महिनाभर प्रत्येक उताऱ्यात ओढायची आहे.

दुसऱ्या दिवसापासून छोटा उतारा घ्या. पाच-सहा वाक्यं आणि गोष्ट घरची असावी. नमुना:

‘ज्वारी काढून झाली. आजोबांनी कडबा बांधला. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा होतो. आजोबांनी गाईसाठी चार पाचुंदे गाडीत टाकले. वाटेत दोन पेंढ्या खाली पडल्या.’

आधी तुम्ही एकदा सावकाश वाचा, मग मुलं वाचतील. पहिले तीन प्रश्न आकड्यांशिवाय विचारा: कडबा कुणासाठी नेला? काय पडलं? ते कुठं पडलं? याची उत्तरं आली नाहीत तर गणिताकडं वळूच नका, पुन्हा वाचा. नंतर विचारा: एका पाचुंद्यात किती पेंढ्या? पाचुंदे किती? हे दोन आकडे वेगवेगळ्या वाक्यांत आहेत, म्हणून मुलाला मागं जाऊन शोधावं लागतं. खरं आकलन इथं कळतं. मग वाटी म्हणजे पाचुंदा आणि चिंचोका म्हणजे पेंढी असं मांडून ५ × ४ = २० लिहा. ‘घरी किती पोचल्या?’ हा प्रश्न शेवटी. वीसच म्हणणाऱ्यानं शेवटची ओळ वाचलेली नसते.

तिनाच्या पाढ्याला तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, घ्या. तिफणीला तीन फण, म्हणून ती शेतातून एकदा गेली की तीन तास पडतात. ‘तिफण धुऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. किती तास पडले?’ ‘तीन’ म्हणणाऱ्या मुलाला ‘परत आली’ हे शब्द पुन्हा वाचायला सांगा, उत्तर तुम्ही देऊ नका. ‘तास’ म्हणजे पिकाची ओळ की घड्याळाचा तास, हेही उताऱ्यावरूनच ओळखायला लावा. पेरणी ट्रॅक्टरनं होत असेल तर यंत्राचे फण मुलांना मोजून यायला सांगा आणि तोच आकडा उताऱ्यात घाला. पाढ्यांचा क्रम दोन, पाच, दहा, मग तीन आणि चार असा ठेवा. दोनाला बैलजोडी आणि चाराला बाजेचे पाय आहेतच.

सगळ्यात जास्त बिघडतं ते एकाच वेळी दोन्ही नवं दिल्यामुळं. उतारा नवा असेल तर पाढा जुना घ्या, पाढा नवा असेल तर उतारा ओळखीचा. हा नियम मोडू नये.

‘एकूण’ दिसलं की बेरीज, असं शिकवू नका. ‘एकूण’ दोन्हीकडं येतं. त्याऐवजी ‘गट सारखे आहेत का?’ हे विचारायची सवय लावा. अधूनमधून उताऱ्यात बिनकामाचा आकडा घाला, जसं आजोबांचं वय. सगळे आकडे उचलून गुणणारी मुलं लगेच कळतात.

‘चार आठे बत्तीस’ बरोबर म्हणून २३ लिहिणारी मुलं असतात. ‘बत्तीस’मध्ये आधी ‘ब’ म्हणजे दोन ऐकू येतो, म्हणून दोन आधी लिहिला जातो. अशा मुलाला ‘तीस आणि दोन’ म्हणत लिहायला लावा. सात सक विचारलं की पहिल्यापासून पाढा सुरू करणाऱ्याला ‘सात पाचे पस्तीस, आणखी एक सात, बेचाळीस’ ही वाट दाखवा.

३ × ४ म्हणजे तीन, चार वेळा. मुलानं ४ × ३ लिहिलं तर उत्तर तेच येतं, चूक देऊ नका. फक्त वाट्या मांडून दाखवायला सांगा. लिहिलेलं आणि मांडलेलं जुळलं पाहिजे.

बंजारा तांड्यावरचं मूल गोरमाटी बोलतं, नांदेड जिल्ह्यात देगलूरकडं काही घरांत तेलुगू असते. अशा मुलाला आधी गोष्ट त्याच्या बोलीत सांगू द्या, मग मराठीत वाचू द्या. आणि दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांसाठी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर दहा उतारे लिहून ठेवा: पुढं गोष्ट, मागं तीन प्रश्न आणि उत्तरं. सोबत चिंचोक्यांची पुरचुंडी बांधून द्या. उत्तरं मागं असली की थोरलं भावंडही तपासू शकतं.