अधिकारी प्रशिक्षणात थकून जाताय? या चुका टाळा

रात्रीचे साडेबारा. सकाळी पाचला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. आणि तुम्ही बुटाच्या त्याच टोकावर पॉलिश घासत बसलाय. शेजारी नकाशावाचनाचं पान उघडं आहे, चौथ्यांदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. अशी एखादी रात्र प्रत्येक कॅडेटच्या वाट्याला येते. तिचा रोजचा नेम झाला की मात्र गाडं बिघडतं.

झोपेतून वेळ काढणं

ही सगळ्यात सोपी चोरी. प्रौढ माणसाला किमान ७ तास झोप लागते. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारख्या मंदावतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्या हातांनी तुम्ही शस्त्र हाताळणार असता! कॉफीने झोप फक्त पुढे ढकलली जाते. कॅफिनचं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण ५ तास लागतात. मैदानी सरावात जागरण टळत नाही, मान्य. पण बराकीतलं बरंचसं जागरण आपणच ओढवून घेतलेलं असतं. बंकमेटशी, म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याशी, कामं वाटून घ्या. एकाने दोघांचे बूट, दुसऱ्याने दोघांचं किट. आणि वीस मिनिटं मोकळी मिळाली तर मोबाइल बाजूला ठेवून आडवे व्हा.

थकवा आणि बर्नआउट एकच समजणं

माझ्या मते खरी गफलत इथे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामावरच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. त्याच्या खुणा तीन: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. साधा थकवा असेल तर रविवारी पोटभर झोपलात की सोमवारी पुन्हा चेष्टामस्करी सुरू होते. दोन-तीन रविवार गेले, तरी गणवेश चढवताना ‘कशाला हे सगळं?’ एवढंच मनात येतंय, डोळे मिटून जमणारी शस्त्राची खोल-जोड आता चुकतेय, तर नुसत्या झोपेने भागणार नाही. ओझ्यातलं काहीतरी बदलावं लागेल, आणि ते एकट्याने बदलता येत नाही.

अशा वेळी बहुतेक जण उलटंच करतात. पहाटे आणखी एक धाव, आणखी पुशअप. उपाशी बैलाला चाबूक मारण्यातला प्रकार.

ओरडा मनाला लावून घेणं

प्रशिक्षक दबाव मुद्दाम वाढवतात, तो अभ्यासक्रमाचाच भाग असतो. ओरडा बहुतेकदा तुमच्या चुकीवर असतो, तुमच्यावर नाही. मारहाण किंवा मुद्दाम केलेला अपमान मात्र प्रशिक्षणात बसत नाही. तो वर कळवायचा.

दुखणं लपवणं

टर्म मागे जाईल, म्हणजे तेच सत्र पुन्हा करावं लागेल, ही भीती खोटी नाही, पण लपवलेलं दुखणं जास्त दिवस खातं. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशी नेमकी जागा दुखत असेल, धावताना वाढत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक चिरेची, शंका घ्या. कठोर व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार आलेला असू शकतो. तडक डॉक्टर गाठा.

मनाचंही तेच. जीव द्यावासा वाटणं हे त्याच दिवशी, त्याच तासाला सांगायचं, आणि तोवर एकटं राहायचं नाही. एरवी ‘सर, जमत नाही’ एवढंच म्हटलं तर आळशीपणाचा शिक्का बसतो. मोजून सांगा: ‘सर, तीन आठवडे रात्री चार तासांवर झोप लागत नाही, आधी पास होत असलेल्या दोन चाचण्यांत नापास झालो, मला वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटायचं आहे.’ असं वाक्य टाळणं समोरच्यालाही जड जातं.

एक राहिलंच. बॅचमध्ये सगळ्यात जास्त विनोद करणारा आठवडाभर गप्प असेल, तर ‘ठीक आहेस ना?’ विचारू नका. तो ‘हो’च म्हणणार. त्याचं किट घ्या, शेजारी बसा आणि पॉलिश करायला लागा.