अपंग पेन्शन आणि साठी-पासष्टी: या चुका टाळा

वय झालं की पेन्शन आपोआप बदलते, असा समज बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घट्ट बसलाय. तसं काही नसतं. एक पैसा ५८ ला बदलतो, दुसरा ६० ला, तिसरा ६५ ला, आणि काही पैसे मरेपर्यंत तसेच राहतात. आपला कुठला, हे न बघता नाडकचेरीत (कर्नाटकाच्या महसूल कार्यालयात) धावायचं आणि मग कागद घेऊन अर्ज लिहून देणाऱ्या आमच्या दारात यायचं, हे आता फार झालं.

पासष्टी झाली म्हणून चालू पेन्शन सोडणं

ही सगळ्यात महागाची चूक. कर्नाटकात २०२१ च्या वाढीनंतरचे दर असे: ४० ते ७५ टक्के अपंगत्वाला महिना ८०० रुपये, ७५ च्या वर १,४००. पासष्टीनंतरच्या संध्या सुरक्षेला, म्हणजे कर्नाटकाच्या म्हातारपणाच्या पेन्शनला, १,२००. दोन्ही एकदम मिळत नाहीत. म्हणजे ८०० वाल्यानं पासष्टीला बदल करून घेण्यात अर्थ आहे, १,४०० वाल्यानं जागचं हलू नये. एवढं सरळ गणित आहे, पण करतं कोण?

खानापूर तालुक्यातल्या एक मावशी. लहानपणी पोलिओ, दाखल्यावर ८० टक्के, १,४०० व्यवस्थित जमा होत होते. झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या एका एजंटानं सांगितलं, "मावशी, पासष्ट भरली, आता तुमचं नाव म्हाताऱ्यांच्यात जाणार." अर्ज कन्नडमध्ये. मावशींना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. त्यानं वाचून दाखवला नाही आणि यांनी विचारलं नाही. अंगठा उठवला तो अपंग पेन्शन बंद करण्याच्या अर्जावर. जुनी लगेच थांबली, नवी कित्येक महिने आलीच नाही, आणि आली तेव्हा दोनशे रुपये कमी. परत अपंग पेन्शन मागायला गेलो तर पहिल्यापासून पडताळणी. तलाठी घरी येऊन गेले, दाखला पुन्हा मागितला. मिळाली शेवटी, पण मधले पैसे बुडाले ते बुडालेच. एजंटानं त्याची फी मात्र आधीच घेतली होती.

माझी सवय साधी आहे. मंजुरीचा आदेश आणि पासबुक समोर ठेवल्याशिवाय मी कुणाचा अर्ज लिहीत नाही. दोन्ही आकडे माणसाला मोठ्यानं सांगतो. कन्नड अर्ज घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यायला लावतो, मगच सही. घाई असेल त्यानं दुसरीकडे जावं.

आणि युडीआयडी कार्डाच्या, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, रंगावर जाऊ नका. पिवळं कार्ड ४० पासून ८० च्या आतपर्यंत असतं. ७८ टक्केवाल्याचं कार्ड पिवळंच, पण तो वरच्या दरात बसतो. टक्का वाचा.

कोल्हापूरच्या मेव्हण्याचा सल्ला ऐकणं

संजय गांधी निराधार, पासष्टीनंतर श्रावणबाळ, हे सगळं महाराष्ट्राचं. त्याला तिथला १५ वर्षांचा रहिवास लागतो. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना जाहीर झाली म्हणून पेन्शनही तिकडून येईल, असं नाही. सीमाप्रश्नावर भांडायचं तेवढं भांडा, पण अर्ज कर्नाटकाचाच भरा.

अपघात झाला आणि 'लवकरची' पीएफ पेन्शन घेतली

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत राबलेल्यांची ही ठरलेली चूक. पीएफची पेन्शन ५८ ला पूर्ण मिळते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं बाकी, तितक्या वर्षांचे दरसाल ४ टक्के कापले जातात. ५२ ला घेतली तर २४ टक्के गेले, आणि ते ५८ ला परत येत नाहीत. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं असेल तर वेगळी अपंगत्व पेन्शन आहे. तिला १० वर्षांच्या नोकरीची अट नाही, एक महिन्याची वर्गणी पुरते, आणि वयाची ही कपातही नाही. वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं, म्हणून लोक कंटाळतात. दोन महिन्यांच्या कंटाळ्यापायी जन्मभराचा चौथा हिस्सा घालवणाऱ्याला काय म्हणावं?

सरकारी नोकरीत 'अनफिट' म्हटल्यावर राजीनामा देणं

निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले ड्रायव्हर, शिपाई यात सापडतात. साहेब म्हणतो, "स्वेच्छेनं जा, सुटाल." सही करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, तसं काम नसेल तर जादा पद करून ठेवायचं, सोयीचं पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत. कलमाचा आकडा अर्जात लिहा, पोच घ्या. सूर लगेच बदलतो.

बाकीच्या, थोडक्यात

ईएसआयचा (कामगार विम्याचा) कामावरच्या दुखापतीचा कायमचा भत्ता निवृत्तीला थांबत नाही, तो तहहयात आहे. हयातीचा दाखला मात्र दरवर्षी द्या.

निवृत्त होताना ईएसआयचं कार्ड टाकून देऊ नका. किमान ५ वर्षं विमा भरला असेल तर वर्षाला १२० रुपयांत नवरा-बायको दोघांचं औषधपाणी चालू राहतं.

अपंगत्वाच्या तात्पुरत्या दाखल्याची मुदत संपायच्या आधी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जा.

आधारवर मास्तरांनी लावलेली १ जून असेल आणि ती चुकीची असेल, तर दुरुस्ती चौसष्टीत करा. पासष्टीचा अर्ज अडकल्यावर तारीख बदलायला गेलात की दोन्ही कागद एकमेकांची वाट बघत बसतात.