होडीला डिझेल बसवायचं की पेट्रोल? आधी तास मोजा

नारळी पौर्णिमा जवळ आली की माझ्या शेडवर तरणी पोरं येतात. "काका, नवी होडी घेतलंय, इंजिन कसला घेव?" मी त्यांना दोन गोष्टी विचारतो. दिवसाला इंजिन किती तास चालणार? आणि काम संपल्यावर होडी कुठे राहणार, नांगरावर पाण्यात की पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, ओढून? ही दोन उत्तरं मिळाली की निम्मा निर्णय झालेला असतो. मालवणात गेली बत्तीस वर्षं मी होड्यांची इंजिनं उघडतो आहे. चुकीचं इंजिन बसवून नडलेले लोक मी जवळून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोघांतला मूळ फरक. पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण प्लगच्या ठिणगीने पेटतं. डिझेलमध्ये प्लग नाहीच. पिस्टन नुसती हवा सोळा ते वीस पट दाबतो, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि नोझलमधून डिझेलचा फवारा आत आला की आपोआप पेट घेतो. एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक, क्रँक, हेड सगळं जाडजूड लागतं. म्हणून डिझेल जड आणि महाग. पण म्हणूनच ते टिकतंही. प्लग नाही, कॉइल नाही, ठिणगीची वायर नाही. खाऱ्या वाऱ्यात पहिल्यांदा काय कुजतं, तर वीज वाहणारे जोड. चालू झालेल्या जुन्या धाटणीच्या डिझेलला वीज लागतच नाही. बॅटरी बुडाली तरी ते तुम्हाला घरी आणतं.

आता तासांचा हिशोब. मी स्वतः कॅनला खुणा करून मोजलेले आकडे सांगतो. 9.9 एचपीचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, पूर्ण थ्रॉटलवर तासाला साडेचार लिटरच्या आसपास पेट्रोल पितं, वर ऑइल वेगळं. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक साडेतीनच्या आसपास. 10 एचपीचं डिझेल सव्वादोन ते अडीच लिटर. जाळी टाकायला रोज चार तास इंजिन चालवणाऱ्याला टू-स्ट्रोकला 18 लिटर पेट्रोल लागेल, डिझेलला 10 लिटर. पेट्रोल शंभरच्या वर आणि डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तरी दिवसाला नऊशे-साडेनऊशेचा फरक पडतो. वर्षाला दीडशे दिवस समुद्रात गेलात तर सव्वा-दीड लाख. मच्छीमार सोसायटीचे सभासद असाल आणि नौकेची नोंदणी असेल तर डिझेलवरच्या कराचा परतावाही असतो. तो मात्र हिशोबात धरू नका. आला की वरकमाई समजा.

उलट बाजू बघा. किनाऱ्यावरून दहा मिनिटांची फेरी मारायची, दिवसातून एकूण तासभर इंजिन चालणार, तर या बचतीतून डिझेलची जादा किंमत फिटायला वर्षानुवर्षं लागतील. शिवाय थोडा वेळ, हलक्या लोडवर चालवून बंद करायचं, हे डिझेलला मानवत नाही. ते नीट तापत नाही, नोझलवर आणि सायलेन्सरमध्ये काजळी धरते. डिझेलला काम हवं.

होडी कुठे राहते हा प्रश्न मी तितकाच महत्त्वाचा धरतो. देवबागला जा. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा बांध दर पावसाळ्यात जागा बदलतो. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी. आऊटबोर्ड असेल तर वर उचलायचं, होडी ढकलायची, पलीकडे गेलं की पुन्हा खाली सोडायचं. इनबोर्ड, म्हणजे होडीच्या आत बसवलेल्या डिझेलचा शाफ्ट आणि त्याच्या टोकाचा होडी ढकलणारा पंखा तळाखाली कायमचा. वाळू लागली की पंख्याची पाती वाकतात, शाफ्ट हलतो, तो तळातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून (पाणी अडवणाऱ्या सीलमधून) पाणी आत यायला लागतं. रोज पुळणीवर ओढायच्या होडीचंही तेच. चाळीसएक किलोचं आऊटबोर्ड दोघे जण काढून घरात नेतात. गिअरसकट दीड-दोनशे किलोचं डिझेल होडीतच राहणार, आणि ओढणाऱ्या माणसांच्या खांद्यावर रोज येणार.

एचपीबद्दल एक सांगायलाच हवं. जड, गोल बुडाच्या होडीला ठरावीक वेगापलीकडे कितीही ताकद लावली तरी ती नुसतं पाणी ढकलते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. लांबी 25 फूट असेल तर 6.7 नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटर. अशा होडीला मोठा पंखा सावकाश फिरवणारं डिझेल आणि दोनास एक किंवा तीनास एकचा गिअर (इंजिनाच्या दोन-तीन फेऱ्यांना पंख्याची एक) उत्तम. सपाट बुडाच्या हलक्या फायबर होडीची गोष्ट वेगळी. ती पाण्यावर चढून पळते, तिला हलकं आणि जोरात फिरणारं इंजिन हवं. तिथे पेट्रोल आऊटबोर्डच शोभतं.

पेट्रोल घेतलंत तर वासाला घाबरा

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. गाडीत पेट्रोल गळलं तर वाफ रस्त्यावर पसरून निघून जाते. होडीचं बूड म्हणजे बंद भांडं. वाफ तिथे खाली साचते आणि दिसत नाही. उघड्या होडीच्या मागे लावलेल्या आऊटबोर्डला हा धोका कमी. बंद पेटीत बसवलेल्या पेट्रोल इंजिनाला फार मोठा.

एक जण गाडीचं पेट्रोल इंजिन होडीत बंद पेटीत बसवून माझ्याकडे आला होता. तक्रार एवढीच की सकाळी लवकर सुरू होत नाही. मी पेटीचं झाकण उचललं आणि वास नाकात गेला. मुलगा मागून म्हणाला, "पेट्रोलाचो वास येता." तळातल्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता. पाइपाची क्लिप गंजून सुटली होती आणि थेंब थेंब करत चहाच्या ग्लासभर पेट्रोल खाली गेलं होतं. मालक पाणी काढायला पंपाचा स्विच दाबणार होता. मी त्याचा हात धरला. त्या स्विचमध्ये ठिणगी असते. बॅटरीची वायर काढतानाही ठिणगी उडते. सगळ्यांना धक्क्यावर उतरवलं, सगळी झाकणं उघडली, तासभर वारा जाऊ दिला आणि मग स्पंजने तवंग टिपून प्लॅस्टिकच्या बादलीत काढला. क्लिपची किंमत दहा-वीस रुपये असेल.

म्हणून नियम पाळा. बंद पेटीत पेट्रोल इंजिन असेल तर हवा बाहेर फेकणारा ब्लोअर हवाच. तो सुरू करायच्या आधी नाकाने तळाचा वास घ्या. वास नसेल तर किमान चार मिनिटं ब्लोअर चालवा, मगच चावी फिरवा. स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडणारे, सागरी वापराचेच घ्या. गाडीचे स्वस्त मिळतात, पण ते उघडे असतात. कार्ब्युरेटरवर ज्वाला अडवणारी जाळी हवी. सुटी टाकी होडीत भरू नका, किनाऱ्यावर जमिनीवर ठेवून भरा. त्या वेळी जवळ विडी नको, स्टोव्ह नको.

आऊटबोर्ड टू-स्ट्रोक असेल तर ऑइलचं प्रमाण कंपनीच्या पुस्तकातलंच धरा. बहुतेकांना 50 ला 1 लागतं, म्हणजे लिटरला 20 मिली. अंदाजाने ओतू नका. इंजिन चालू असताना मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडते, तिच्याकडे दर काही मिनिटांनी बघायची सवय लावा. धार बारीक झाली की आतला रबरी पंखा गेला किंवा वाळू अडकली. लगेच बंद करा. आणि बंद करायची दोरी मनगटाला बांधलेलीच असू द्या.

डिझेल घेतलंत तर हवेला आणि पाण्याला घाबरा

डिझेलची वाफ अशी पेटत नाही, पण फुटलेल्या पाइपातला फवारा तापलेल्या सायलेन्सरवर पडला तर तेही पेटतं. पाइपांना फडकं लावून ओल बघत जा. डिझेलचा खरा शत्रू मात्र टाकीत असतो. पंप आणि नोझलचे भाग इतके घट्ट बसवलेले असतात की पाण्याचा थेंब किंवा बारीक कचरा त्यांना पुरतो. अर्धी टाकी रात्रभर राहिली की आत दव धरतं, पाणी तळाशी बसतं आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर काळी बुळबुळीत शेवाळासारखी घाण वाढते.

एका नोव्हेंबरात निवतीच्या समोर आमचं इंजिन असंच गप्प झालं. टाकी पाव भरलेली, लाटेने तळाची घाण ढवळली गेली, फिल्टर बसला. खलाशी म्हणाला, "डिझेल संपला काय?" मी म्हटलं, "डिझेल आसा. इंजिनान एअर धरल्यान." म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली; ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. मतलई वाऱ्याने होडी बाहेर ओढली जात होती. अशा वेळी पाना हातात घेण्याआधी नांगर टाका. नांगर धरला की डोकं शांत राहतं.

मग क्रम असा. टाकीचा कॉक उघडा आहे ना ते बघा. पाणी वेगळं करणाऱ्या काचेच्या वाटीखालचा स्क्रू सोडा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी जाऊ द्या. फिल्टर काळा असेल तर बदला. एक फिल्टर होडीत कोरड्या डब्यात ठेवलेला असायलाच हवा. आता फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करा आणि हँडप्रायमर (डिझेल हाताने पुढे ढकलायचा छोटा पंप) दाबत राहा. आधी साबणासारखा पांढरा फेस येतो. मग फेसात डिझेल, मग तुटक धार. बुडबुडा नसलेली अखंड धार आली की प्रायमर दाबता दाबताच स्क्रू आवळा. थांबून आवळलात तर हवा परत आत जाते, सगळे इथेच चुकतात. हेच पंपावरच्या स्क्रूला करा. तरी घेत नसेल तर नोझलवरच्या पाइपांचे नट अर्धा आटा ढिले करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि इंजिन फिरवा. डिझेल थेंबाथेंबाने उडायला लागलं की एकेक आवळा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा. नोझलच्या धारेसमोर बोट कधीच धरू नका. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरतं, वरून टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो. तसं झालं तर दुखण्याची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

त्या दिवशी आम्हाला पाऊण तास लागला. आता मी हे अंधारात करू शकतो, आणि नव्या तांडेलाने (होडीच्या म्होरक्याने) धक्क्याला बांधलेल्या होडीत हे चार वेळा करून पाहिल्याशिवाय बाहेर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

धुराकडेही लक्ष ठेवा. काळा धूर म्हणजे लोड जास्त किंवा हवा कमी. आधी पंख्यात जाळं गुंतलंय का ते बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा सुरू करताना थोडा येतो. गरम झाल्यावरही येत राहिला तर नोझल तरी बिघडलं किंवा पाणी तरी आत जातंय.

बंदीच्या दोन महिन्यांत

1 जून ते 31 जुलै इंजिनाच्या होड्यांची मासेमारी बंद. बहुतेक इंजिनं याच काळात खराब होतात. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळी हवेत कॅनमध्ये ठेवलेलं पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरू नका. ते जूनमध्येच गाडीत घालून संपवा. आऊटबोर्ड गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा, मग पाण्यावरच चालू असताना पेट्रोलचा पाइप काढा आणि कार्ब्युरेटर कोरडा होऊन इंजिन आपोआप बंद पडू द्या. प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. ठेवताना उभंच ठेवा, आतलं पाणी निथळू दे.

डिझेलची टाकी काठोकाठ भरा, दव धरायला जागाच ठेवू नका. ऑइल पावसाळ्यानंतर नाही, आधी बदला. जुन्या ऑइलमधलं आम्ल दोन महिने बेअरिंग खात बसतं. पंधरा दिवसांनी एकदा हाताने इंजिन फिरवा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा, आणि त्या चिंधीला लाल दोरी बांधून तिचं दुसरं टोक स्टार्टरच्या चावीला घट्ट गुंडाळा, म्हणजे ऑगस्टमध्ये जो कोणी चावीला हात लावेल त्याला आधी ती दोरी सोडावी लागेल.