स्वस्त आयात कार्बन चाकं: कोल्हापुरात घ्यावीत का, आणि घेतली तर कशी

उत्तर आधीच देऊन टाकतो. सायकल डिस्क ब्रेकची असेल, म्हणजे ब्रेक चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरत असेल, टायर चांगले असतील आणि चाकं स्वतःच्या नावाने विकणाऱ्या चिनी कंपनीची असतील, तर जरूर घ्या. सायकल रिम ब्रेकची असेल, म्हणजे ब्रेकचे पॅड थेट रिमला, चाकाच्या बाहेरच्या कड्याला, घासत असतील, आणि दर रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा ठरलेला असेल, तर अजिबात घेऊ नका.

आता पैशाचा हिशेब. रोड बाईकसोबत येणारी अ‍ॅल्युमिनियमची चाकं साधारण 1,900 ते 2,000 ग्रॅमची असतात, तर 40-45 मिमी खोलीच्या (टायरपासून हबकडे मोजलेल्या उंचीच्या) रिमची बजेट कार्बन जोडी 1,450 ते 1,550 ग्रॅमची. म्हणजे वाचले 450 ग्रॅम. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो धरले तर हा अर्धा टक्काच झाला. पन्हाळ्याची चढण चढायला 25 मिनिटं लागत असतील, तर वजनामुळे आठ-नऊ सेकंद कमी होतील. सपाट रस्त्यावर ताशी 30-35 किलोमीटरने जाताना खोल रिममुळे हवेचा विरोध थोडा घटतो, आणि खरा फायदा तिथेच आहे. पण सायकलबरोबर आलेले तारेच्या कडेचे जाड टायर काढून चांगले रेसिंग टायर टाकले, तर जोडीमागे पायांची 10 ते 20 वॅट ताकद वाचू शकते, तेही चाकांच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात. म्हणून आधी टायर, मग चाकं. हा क्रम उलटा करू नका.

रिम ब्रेकला नकार का, ते नीट समजून घ्या. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपेक्षा सुमारे 400 मीटर उंच आहे. 80 किलो वजन तेवढं खाली आणताना तीन लाख ज्यूलहून जास्त ऊर्जा कुठेतरी जावी लागते. काही वाऱ्यात जाते, उरलेली ब्रेकमध्ये. अ‍ॅल्युमिनियम ती उष्णता पटकन पसरवतं. कार्बन पसरवत नाही, उष्णता पॅडखालच्या पट्ट्यातच साठते. ठरावीक तापमानाच्या वर रेझिन, म्हणजे कार्बनचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ, मऊ पडतं, टायरच्या हवेचा दाब रिमच्या कडा बाहेर ढकलतो आणि कडेला फुगवटा येतो. स्वस्त रिममध्ये उष्णता सोसणारं रेझिन वापरलंय की नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. त्यात जून ते सप्टेंबर पाऊस. ओल्या कार्बनवर ब्रेक उशिरा धरतो, आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना तो उशीर परवडणारा नाही. अशी चाकं आधीच घेतली असतील तर पॅड कार्बनसाठीचेच लावा. अ‍ॅल्युमिनियम रिमवर वापरलेले पॅड लावू नका, त्यांत रुतलेले धातूचे कण रिम खरवडतात. ब्रेक धरून ठेवत उतरू नका. वळणाआधी जोरात दाबा आणि पूर्ण सोडा.

डिस्कवाल्यांनी निवड अशी करावी. रिम हुकची घ्या, म्हणजे आतल्या कडेला टायर अडकवणारी ओठासारखी धार असलेली. बिनहुकची रिम स्वस्त आणि हलकी पडते, पण तिच्यात 5 बार, म्हणजे साधारण 72 पीएसआयपेक्षा जास्त हवा चालत नाही आणि तिला मान्य असलेले ट्यूबलेस टायरच लागतात. वाटेत टायर फाटला आणि गावातल्या दुकानात मिळेल तो साधा टायर चढवायची वेळ आली, तर बिनहुकच्या रिमवर तो सुटून येऊ शकतो. आतली रुंदी 21 ते 23 मिमी, टायर 28 किंवा 30 मिमीचा. आपल्याकडचे खड्डे आणि गळीत हंगामात ऊस ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडा पाहता 25 च्या टायरवर कार्बन रिम चालवू नये. अ‍ॅल्युमिनियमची रिम आपटली तर वाकते, ठोकून कशीबशी सरळ करता येते. कार्बन तडकतं, आणि मग रिम बदलण्यावाचून पर्याय नसतो.

खोली पुढच्या चाकाला 45 मिमीच्या वर नको. पन्हाळ्याच्या माथ्यावर आणि पंचगंगेच्या पुलावर आडवा वारा हँडल ओढतो, वजनाने हलक्या स्वाराला तर जास्तच.

तारा (स्पोक) आणि त्या रिममध्ये आवळणारे छोटे नट, म्हणजे निपल, यांकडे लोक बघतच नाहीत, आणि पुढची डोकेदुखी इथूनच सुरू होते. निपल रिमच्या बाहेर दिसणारे हवेत. आत लपलेले असतील तर चाकाचा जरासा आऊट, म्हणजे डोलणं, काढायलाही टायर आणि रिमवरची टेप उतरवावी लागते. तारा हबपाशी (चाकाच्या मधल्या भागापाशी) वाकलेल्या घ्या, सरळ ओढीच्या नकोत, त्या इथे मिळणं कठीण. दोन्ही चाकांना 24-24 तारा असाव्यात. ऑर्डर देतानाच प्रत्येक लांबीच्या दोन-दोन जादा तारा आणि निपल मागून घ्या आणि त्यांची मापं लिहून ठेवा.

विक्रेत्याला आणखी काही गोष्टी लेखी विचारा: स्वाराच्या वजनाची मर्यादा, हबच्या बेअरिंगचे नंबर, फ्रीहब (मागच्या हबचा कॅसेट, म्हणजे गिअरच्या चकत्या, बसतात तो भाग) कोणत्या कॅसेटसाठी, रोटर (डिस्क ब्रेकची चकती) सेंटरलॉक, म्हणजे एकाच रिंगने आवळायचा, की सहा बोल्टचा, अ‍ॅक्सल पुढे 12×100 आणि मागे 12×142 आहे ना, आणि अपघातात रिम तुटली तर नवी कितीला देणार. शेवटच्या उत्तरात वाहतूक खर्च धरलाय का, तेही पाहा. नामांकित कंपनीचे स्टिकर लावून निम्म्याहून कमी किमतीत मिळणारी चाकं नकली समजा.

अलीएक्सप्रेसवर भारतात नोव्हेंबर 2020 पासून बंदी आहे, त्यामुळे खरेदी थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा इथल्या आयातदाराकडून. थेट मागवली तर सीमाशुल्क वस्तू, वाहतूक आणि विमा या सगळ्यांच्या एकूण किमतीवर लागतं, जीएसटी त्यात सीमाशुल्क मिळवून होणाऱ्या रकमेवर, शिवाय कुरिअरचं हाताळणी शुल्क. पैसे भरण्याआधी कुरिअर कंपनीकडून अंदाज घ्या. आयातदाराचा दर थोडा जास्त असला तरी वॉरंटीसाठी चाक चीनला परत पाठवावं लागत नसेल, तर तोच सौदा बरा.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ घ्या. दोन्ही चाकं वजन करून पाहा. रिमवर सगळीकडे नाण्याने हलकं टकटक करा. आवाज एका जागी बद्द आला तर तिथे थर सुटलेला असू शकतो. तारांच्या भोकांभोवती आणि व्हॉल्व्हच्या भोकाशी बॅटरीच्या उजेडात केसाएवढी भेग शोधा. चाक फिरवून आऊट पाहा: अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त डोलत असेल तर मिस्त्रीकडे न्या, पण ताण मोजायचं मीटर असलेल्याकडेच. मागच्या चाकाच्या कॅसेटकडच्या तारांचा ताण कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत हवा, बहुधा 110 ते 130 किलो, आणि एकाच बाजूच्या तारांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. अंदाजाने आवळत गेलं तर निपलपाशी रिम तडकते.

बसवताना नेमकं अडतं ते व्हॉल्व्हपाशी. दुकानात सहसा मिळणाऱ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह 48 मिमीचा. 45 मिमीच्या रिममधून तो जेमतेम डोकावतो आणि पंपाला पकड मिळत नाही. 70 ते 80 मिमीचा घ्या आणि जादा ट्यूबही तशाच ठेवा. व्हॉल्व्हची चकती बोटांनीच आवळा. टायर चढवायला प्लॅस्टिकच्याच पट्ट्या वापरा. 10 स्पीडची कॅसेट 11 स्पीडच्या शिमानो फ्रीहबवर बसवायची तर मागे 1.85 मिमीचा स्पेसर लागतो. तो विसरला की कॅसेट खुळखुळते. कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग 40 न्यूटन-मीटरला आवळा. चाक बदलल्यावर रोटर पॅडला घासू लागला तर कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि तसाच दाबलेला ठेवून बोल्ट आवळा. गिअरची सेटिंगही तपासा.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर तारांचा ताण पुन्हा बघून घ्या. खड्ड्यात जोरात आपटलं तर घरी येऊन टायर उतरवा आणि रिमची आतली बाजू तपासा. पावसाळा संपला की चाक हातात धरून अ‍ॅक्सल फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग गेलं. त्यासाठी चीनकडे बघायची गरज नाही. 6902 किंवा 6802 असा नंबर बेअरिंगच्या सीलवरच छापलेला असतो. तो घेऊन शिवाजी उद्यमनगरातल्या बेअरिंगच्या दुकानात जा आणि दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे 2आरएस, मागा. जुनं बेअरिंग हातोड्याने ठोकून काढू देऊ नका, प्रेस असलेल्याकडूनच बदलून घ्या. हबच्या बेअरिंगची जागा एकदा सैल झाली की नवीन बेअरिंगही तिथे टिकत नाही.