वाचनालयातून काय वाचायला नेलं, ते दुसऱ्याला कळू नये म्हणून

आजार, घटस्फोट, कर्ज, व्यसन अशा विषयांवरचं पुस्तक घरी नेलं की त्याची नोंद मागे राहते. कार्डपद्धत असेल तिथे मागच्या पानाच्या खिशातल्या कार्डावर सभासद क्रमांक नि तारीख तशीच असते, आणि पुढच्या वाचकाला ती सहज दिसते. नागपुरात बर्डी असो की महाल, आपल्याकडे ओळखीचं कुणी ना कुणी निघतंच.

1. असं पुस्तक इश्यू करू नका, वाचन कक्षातच बसून वाचा. उन्हाळ्यात दुपारी तशीही तिथेच बरं वाटतं.

2. परत करताना पुस्तक उलटं धरून पानं फडफडवा. खूण म्हणून ठेवलेली औषधाची चिठ्ठी, बँकेची स्लिप, इश्यूची पावती हमखास आतच राहते. समासात पेन्सिलीने लिहिलेला मोबाइल नंबरही खोडा.

3. वाचनालय 'कोहा' सॉफ्टवेअर वापरत असेल, तर ऑनलाइन खात्यात गोपनीयतेचा पर्याय आहे का ते बघा. असला, तर परत केलेल्या पुस्तकांचा इतिहास तिथून पुसता येतो. दिसला नाही तर ग्रंथपालांना सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

4. सभासद होताना आधारची प्रत मागितली, तर 'मास्क्ड आधार' द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून ते मोफत डाउनलोड होतं. क्रमांकाचे शेवटचे 4 आकडेच दिसतात.

फक्त इतिहास पुसण्याआधी पुस्तक खात्यावर जमा झालंय ना, दंड बाकी नाही ना, हे पाहून स्क्रीनशॉट ठेवा. अनामत परत घेताना वाद झाला तर तोच पुरावा.